खुर्चीकाकांच्या खुर्चीची उंची

खुर्चीकाकांनी खिळा गिळला तो स्वतःच्याच विनोदापायी. दुसऱ्या कुणाच्या विनोदाला ते सहसा हसत नसत, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकंही मिळालं नाही.

झालं असं. नुकतेच निवृत्त झालेले एक साहेब ऑफिसातली आपली जुनी खुर्ची घेऊन दुकानात आले होते. बैठक पार खचलेली, हातांवरचं रेक्झिन सोललेलं. साहेब भरल्या गळ्याने म्हणाले, "या खुर्चीवर मी उभं आयुष्य काम केलंय हो."

काकांच्या तोंडात तेव्हा दहाबारा बारीक खिळे होते. खुर्च्या-सोफ्यांना गाद्या चढवणाऱ्यांची ही जुनी रीत. दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले, मग खिळे ठेवणार कुठे? तोंडात. जिभेने एकेक खिळा फिरवून डोक्याच्या बाजूने ओठांत आणायचा, चुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठक्‌ करून बसवायचा. धंद्यात या खिळ्यांना चुका म्हणतात, आणि त्यावरून करण्यासारखे सगळे विनोद काकांनी लग्नाआधीच उरकून घेतले होते.

"साहेब," काका खिळे सांभाळत म्हणाले, "काम केलं असतंत तर खुर्ची एवढी झिजली नसती."

साहेब हसले नाहीत. काका हसले. हसू वर निघालं होतं, एक खिळा खाली निघाला होता. वाट अरुंद, पण खिळ्याने काही हसूला वाट दिली नाही.

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये फक्त एक पडदा. ठसका ऐकून काकू धावत आल्या, तेव्हा काका उरलेले खिळे तळहातावर काढून मोजत होते.

"काय झालं?"

"काही नाही. एक कमी आहे."

"ते मला लग्नापासून माहीत आहे. आज काय झालं ते सांगा."

मग मात्र साहेबांनी सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच ते जरा हसले.

दवाखान्यात फोटो काढला. पोटाच्या अंधारात खिळा असा ऐटीत उभा होता, की काकांना त्याचं कौतुकच वाटलं. डॉक्टर म्हणाले, घशात-छातीत कुठे अडकलेला नाही, बहुतेक आपण होऊन बाहेर पडेल, पण लक्ष ठेवू. दुखलं-खुपलं तर धावत या.

"बाहेर पडला की परत वापरता येईल ना?" काकांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनीच मान खाली घातली.

एवढ्यात चिरंजीव आले. काकांचा मुलगा शांत स्वभावाचा. रागावला तरी आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. तो म्हणाला, "बाबा, आता बास. शटर खाली. माझा मित्र मोबाइलची कव्हरं विकायला जागा बघतोय. पुढच्या महिन्यात त्याला दुकान देऊन टाकू."

काकांना लहानपण आठवलं. चौदाव्या वर्षी ते मामाच्या हाताखाली या धंद्यात आले. मामाने पहिले दोन महिने त्यांना हातोडीला हातच लावू दिला नव्हता. नुसते खिळे तोंडात धरून बसायला लावलं, म्हणजे पोरगं गप्प राहायला शिकेल. पोरगं गप्प राहणं सोडून बाकी सगळं शिकलं. खिळे तोंडात ठेवून गाणं म्हणायला, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला, भांडायलासुद्धा. गल्लीत तर असं म्हणत, की काकांचं बोलणं खिळे असले म्हणजेच नीट कळतं. त्या जागेत मोबाइलची कव्हरं? ज्या वस्तूवर माणसाला बसता येत नाही, त्या वस्तूचं दुकान काढायचंच कशाला?

"खिळा गिळला म्हणून दुकान बंद?" ते म्हणाले. "उद्या घास अडकला तर स्वयंपाकघर बंद करशील!"

डॉक्टर हे सगळं ऐकत काकांकडे बघत होते. मनगट, गाल, सदऱ्याच्या सैल कॉलरमधून दिसणारी मान. त्यांनी वजन केलं. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावरचं वजन आणि आजचं, यांत बरंच अंतर होतं. मग त्यांनी एक यंत्र काकांच्या हातात देऊन दाबायला सांगितलं. काकांनी दात-ओठ खाऊन दाबलं, काटा थोडासा हलला आणि लाजल्यासारखा थांबला.

"आता असं करा," डॉक्टर म्हणाले, "हात छातीशी घ्या आणि या खुर्चीतून उठून दाखवा. हातांचा आधार न घेता."

काकांनी हात बांधले, पुढे झुकले, कंबर उचलली, आणि परत बसले. पुन्हा झुकले, पुन्हा बसले. तिसऱ्या खेपेला त्यांनी उठण्याचा नाद सोडून खुर्चीखाली हात घातला आणि चाचपून पाहिलं.

"डॉक्टर, तुमच्या खुर्चीच्या बैठकीखालचे पट्टे सैल आहेत. बूड खाली जातंय. असल्या खुर्चीतून पहिलवानसुद्धा उठणार नाही."

"खुर्ची नवी आहे, काका."

"नवी म्हणजे चांगली असं कुणी सांगितलं? माझी सूनसुद्धा—" एवढ्यात मुलगा समोर आहे हे लक्षात येऊन काकांनी ते वाक्य खिळ्यासारखं गिळलं. "माझ्या खुर्चीतून मी रोज उठतो. न धरता. विचारा हिला."

काकू डॉक्टरांच्या खुर्चीची उंची नजरेने मापत होत्या.

"मग पुढच्या वेळी तुमची खुर्ची घेऊन या," डॉक्टर हसत म्हणाले.

लोक असं काहीतरी बोलून जातात. पण काकांचा जन्म गिऱ्हाइकाचा शब्द झेलण्यात गेला होता. आठवड्याने खिळ्याची खबर घ्यायला (तो तोवर निमूटपणे, आल्या वाटेने नव्हे पण जायच्या वाटेने, निघून गेला होता) काका दवाखान्यात पोचले, तेव्हा मागून चिरंजीव डोक्यावर खुर्ची घेऊन येत होते. जिन्यात एका नर्सने विचारलं, "कितीला दिली?" चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबांसकट घेणार असाल तर फुकट."

खुर्ची मात्र खरंच देखणी होती. शिसवी पाय, हिरवं जाड कापड, कडेला पितळी फुल्यांची, म्हणजे फुलासारख्या डोक्याच्या खिळ्यांची, रांग. काकांनी ती स्वतःसाठी बनवली त्याला आता जमाना लोटला होता. तिच्यावर बसून त्यांनी हात छातीशी बांधले, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा तर उठता उठता मिशीवर हातही फिरवला.

"वा!" डॉक्टर म्हणाले. ते टाळी वाजवणारच होते.

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "त्या खुर्चीची उंची बघा."

 काका परत बसले होते, आणि आता सगळ्यांनाच दिसलं: त्यांच्या चपलांची फक्त पुढची टोकं जमिनीला टेकत होती. टाचा हवेत.

"दर वर्षी एक थर," काकू सांगू लागल्या. "आधी म्हणाले, कापूस दबलाय. मग म्हणाले, काथ्या जुना झालाय. मग फोम आणला, तो चांगला निघाला म्हणून आणखी एक आणला. मी म्हटलं, करेनात का बापडे, त्यांचीच खुर्ची. पण गेल्या वर्षी मी सहज बसायला गेले, तर मला चढावं लागलं हो! अजून दोन वर्षांनी शिडी लावावी लागेल."

काकांनी तोंड उघडलं. काहीतरी बोलायचं म्हणून उघडलं, पण आत खिळे नव्हते आणि शब्दही नव्हते. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर गंमत. थर घालताना त्यांना खरंच वाटे, की खुर्ची खाली चाललीय. खाली कोण चाललं होतं हे त्यांच्या मांड्यांना ठाऊक होतं. पण मांड्यांना कुणी विचारत नाही, आणि खुर्ची तर आपण बनवू तशी असते.

"घरात खातात काय?" डॉक्टरांनी काकूंना विचारलं.

"सगळं खातात. मऊ भात, कुस्करलेला बटाटा, सूप, दुधात भिजवलेली बिस्किटं. जरा काही घट्ट केलं की म्हणतात, आज भूक नाही. मग मी आणखी मऊ करते. ताटाला नाव ठेवायला जागा नाही."

"आणि चावतात काय?"

काकू काकांकडे बघू लागल्या. काका छताकडे बघू लागले. छताला गादी नव्हती, नाहीतर त्यांनी तिच्याबद्दल मत दिलं असतं.

"अंडी? मासे? उसळ? शेवटचा शेंगदाणा कधी खाल्लात?"

"शेंगदाणा," काका विचार करत म्हणाले, "हल्लीच. नात झाली तेव्हा."

"नात कॉलेजात जाते," चिरंजीव म्हणाले.

डॉक्टरांनी मग काकांचं तोंड उघडून पाहिलं आणि साध्या शब्दांत समजावलं. दाढा नाहीत म्हणून चावत नाही. चावत नाही म्हणून अंगाला लागेल असं काही पोटात जात नाही. तसलं जात नाही आणि मेहनतही होत नाही, म्हणून मांड्या-दंड वितळत चालले. आणि त्यावर वयाने आपला हात मारलाच आहे. वय कुणाला चुकलंय, पण बाकीचं बरंचसं भरून काढता येतं. आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. मग रोज खुर्चीतून उठबस. हातात थोडं वजन. आणि ताटात रोज काहीतरी असं, की ज्यासाठी जबडा हलवावा लागेल.

"दुकानाचं काय?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

डॉक्टरांनी चिरंजीवांकडे पाहिलं. "खिळे तोंडात धरायचे नाहीत, हे तर नक्कीच. बाकीचं म्हणाल, तर ही खुर्ची मूळ उंचीवर आणा. त्या उंचीवरून, हात छातीशी, लागोपाठ पाच वेळा उठून दाखवलंत, तर दुकान बंद करायला मी सांगणार नाही."

चिरंजीव म्हणाले, "तीन महिने देतो. मित्राला मी थांबवतो. पण मग कबूल, बाबा."

"कबूल," काका म्हणाले. आणि हात टेकून खुर्चीतून उतरले.

दातांची डॉक्टर वयाने त्यांच्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने काकांना आडवं केलं, तोंडात दिवा घातला आणि एकेक कोपरा तपासू लागली. काकांचं आयुष्य गिऱ्हाइकाच्या खुर्च्या उलट्या करून आत डोकावण्यात गेलेलं. तेव्हा आपल्या आत कुणीतरी असं डोकावतंय, आणि आता आतून काय काय निघणार, या कल्पनेने त्यांना घाम फुटला.

"समोरच्या दातांना खाचा आहेत," ती म्हणाली. "दोरा तोडता का दाताने? शिंपी आहात?"

"खिळे," काका तोंड उघडं ठेवून म्हणाले.

"खिळे खाता?"

"एकदाच," दारातून काकू म्हणाल्या.

मागच्या दाढा दोन्ही बाजूंच्या गेलेल्या होत्या. दोन मुळं हिरड्यांत शिल्लक होती, बाकीच्या केव्हाच आपण होऊन पडलेल्या. एक तर काकांनी धंद्याच्या पकडीने स्वतःच उपटली होती, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? सोफ्याचा मागचा पाय मोडला तरी समोरून दिसत नाही."

"पण बसणाऱ्याला कळतं ना," डॉक्टर म्हणाली.

काकांनी निमूट पुन्हा तोंड उघडलं. धंद्यातली गोष्ट धंद्याच्या भाषेत कुणी सांगितली, की त्यांचं काही चालत नसे.

मुळं काढली, हिरड्या साफ केल्या, जखमा भरेपर्यंत थांबून मापं घेतली. मग मागच्या दातांची कवळी आली, दोन्ही बाजूंना बसणारी. रात्री काढून ठेवायची, सकाळी घासायची, आणि उरलेले दातही रोज दोन वेळा घासायचे, हिरडीच्या कडेकडेने. "कडा नीट झाल्या नाहीत तर सगळं काम वाया जातं," ती म्हणाली, आणि काकांनी वाद न घालता मान डोलावली, कारण हेच वाक्य ते नव्या कारागिरांना सांगत आले होते.

पहिले चार दिवस कवळी म्हणजे तोंडात पाहुणे आल्यासारखं वाटलं. बसायचं कुठे हे त्यांनाही कळेना आणि यजमानांनाही. काकांचं बोलणं बदललं, शिट्टीसारखं वाजू लागलं. त्यांनी काकूंना हाक मारली की शेजारचं कुत्रं यायचं.

पण स्वयंपाकघरात खरी क्रांती काकूंनी केली. इतकी वर्षं सगळं मऊ करून आपणच नवऱ्याला पोकळ करत आणलं, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली होती. काकूंना वाईट वाटलं की त्या रडत नसत, कामाला लागत. रोज अंडं, एक दिवसाआड मासे, मुगाची उसळ, दही. सुरुवातीला बारीक तुकडे, मग जरा मोठे. आणि काका जेवत असताना त्या समोर बसून त्यांच्या जबड्याकडे बघत.

"अशी काय बघतेस? घास मोजतेस का?"

"चावा. गिळायची सवय आहे तुम्हाला."

खुर्चीचा वरचा थर काढला तेव्हा काका खुर्चीशेजारी मांडी घालून बसले होते. पितळी फुल्या एकेक उपटल्या, हिरवं कापड उलटलं, आणि फोमचा तुकडा बाहेर काढून त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. मग सकाळ-संध्याकाळ त्या खुर्चीतून उठबस सुरू झाली. पहिल्या दिवशी धापा, दुसऱ्या दिवशी मांड्यांत गोळे, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पूर्वजांचा उद्धार. जमायला लागलं की खालचा थर काढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून धापा. दुकानात ते हातोडीऐवजी वाळूच्या पिशव्या उचलत. गिऱ्हाईक आलं तर पिशवी गादीखाली लपवत आणि म्हणत, "नवा नमुना आहे."

या दिवसांत त्यांना एक गोष्ट कळली, ती त्यांनी कुणालाच सांगितली नाही. गेल्या वर्षभरात त्यांच्याकडून गेलेल्या तीन-चार खुर्च्या परत आल्या होत्या, बैठक सैल पडली म्हणून. त्यांनी पट्टे विकणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. हल्ली माल चांगला येत नाही, असं गल्लीभर सांगितलं होतं. आता एका दुपारी शिव्या खाल्लेल्या त्याच मालातल्या एका पट्ट्याचं एक टोक खिळून त्यांनी दुसरं ताणलं, आणि पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा टणकन वाजला. काकांनी तो पुन्हा एकदा वाजवून पाहिला. मग गप्पपणे उठून त्या परत आलेल्या खुर्च्या भिंतीजवळून पुढे ओढल्या, आणि सगळ्या नव्याने बांधून काढल्या. हात दुखले. रात्री काकूंनी तेल चोळलं आणि कारण विचारलं नाही.

शेजारी केस कापणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्याकडे आरशापुढे भाजलेल्या चण्यांचा एक उंच डबा असे, थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी. पूर्वी काका त्या डब्याकडे बघतसुद्धा नसत. कवळी नीट बसली आणि दातांच्या डॉक्टरने कडक खायची परवानगी दिली, त्या दिवशी ते आत शिरले आणि मूठभर चणे उचलले.

"अरे वा," केशकर्तनकार कात्री थांबवून म्हणाला, "चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण तुम्ही मोडलीत की!"

"म्हण मोडली, दात नाही मोडला," काका कडाकडा चावत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी दोनदा. केस कापून घ्यायला आलेली माणसं बाकावर थांबत आणि डब्याचा तळ बघत. आठवड्यात डबा रिकामा झाला.

"काका, डबा भरून द्यावा लागेल हं."

"उद्याच देतो. गिऱ्हाइकाची शपथ."

तीन महिने संपले. खुर्ची मूळ उंचीवर आली होती; हिरव्या कापडाला आता चुण्या पडल्या होत्या, कारण आतला माल कमी आणि कापड जास्त. चिरंजीवांनी सुट्टी काढली होती. मोबाइलच्या कव्हरवाला मित्रही आला होता, जागेचं माप घ्यायची टेप घेऊन. डॉक्टर दवाखान्यातून घरी जाता जाता मुद्दाम थांबले होते. दुकानात एवढी माणसं फक्त सवलतीच्या दिवशी जमत.

काका बसले. टाचा जमिनीवर पूर्ण टेकल्या होत्या. हात छातीशी.

पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा उठले. तिसऱ्यांदा उठताना नाकातून आवाज आला. चौथ्यांदा वर येता येता मध्येच थबकले, गुडघे थरथरले, मित्राच्या हातातली टेप करकर वाजली. काका वर आले. आणि बसले. आणि बसूनच राहिले.

"अहो," काकू म्हणाल्या.

"थांब. विचार करतोय."

"उठून विचार करा."

काकांनी डोळे मिटले. दुकानात पट्ट्यांचा, काथ्याचा, सरसाचा वास होता. चौदाव्या वर्षी होता तसाच. ते पुढे झुकले. मांड्यांना त्यांनी मनातल्या मनात विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच. मांड्यांनी जरा आढेवेढे घेतले, आणि मग हळूहळू, कुरकुरणाऱ्या जुन्या कपाटासारखे, काका उभे राहिले. सरळ. मिशीवर हात फिरवायचं मात्र विसरले.

 चिरंजीवांनी मित्राच्या हातातली टेप घेतली आणि त्याच्याच खिशात घातली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीला खुर्ची आणू नका, माझ्याच खुर्चीतून उठायचं."

"तिचे पट्टे सैल आहेत," काका धापा टाकत म्हणाले, "आधी मी ते ताणून देतो."

दुकान अजून चालू आहे, सकाळपासून दुपारपर्यंत. खिळे आता तोंडात नसतात. चिरंजीवांनी मनगटाला बांधायचा चुंबकाचा पट्टा आणून दिला, त्यावर ते साळिंदराच्या काट्यांसारखे उभे असतात. तोंड मोकळं राहिल्यामुळे काका अखंड बोलतात, आणि खुर्च्या घेऊन येणारी माणसं काकूंना हळूच विचारतात, की पूर्वीचीच पद्धत बरी नव्हती का. परत आलेल्या खुर्च्या पुन्हा आपापल्या घरी गेल्या. तक्रार आली नाही.

राहिला तो केशकर्तनकाराचा डबा. काका शब्दाचे पक्के आहेत. चणे आणायला ते दोनदा बाजारात गेले, चालत, मोठी पिशवी घेऊन. दोन्ही वेळा पिशवी भरली, आणि दोन्ही वेळा परतीची वाट जरा लांब निघाली. दुकानाशी पोचले तेव्हा पिशवीत तळाला सालं होती. डबा अजून आरशापुढे रिकामाच आहे, आणि काका रोज सकाळी शटर वर करता करता पलीकडे ओरडून सांगतात, "उद्या नक्की!"